उजाड जागेचा वारस

ॲलन वाइझमन या अमेरिकन पत्रकाराचे ‘द वर्ल्ड विदाउट अस’ हे पुस्तक २००७ साली प्रसिद्ध झाले. पृथ्वीवरून माणूस एकाएकी नाहीसा झाला तर मागे काय उरेल, हा त्याचा विषय. घर कसे मोडते याचे त्यातील वर्णन अस्सल आहे. छपरात कोठेतरी पाणी शिरते, लाकूड कुजते, खिळे गंजतात, मग भिंतींची पाळी येते. पावसाळ्यापूर्वी घराची शाकारणी करणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे सांगावे लागले नसते!

माझा आक्षेप वेगळा आहे. या कल्पनेत माणसे जातात, पण त्यांना कोणी घालवीत नाही. खऱ्या उजाड जागांची कहाणी बहुधा अशी नसते. लेखक स्वतःच आपल्याला सायप्रसमधील वरोशा नगरात नेतो. १९७४ मध्ये तुर्की सैन्य आले, ग्रीक सायप्रियट रहिवासी जीव घेऊन पळाले, नगराला कुंपण पडले. रस्ते भेगाळले, भेगांतून झाडे वर आली. युद्धाची हकीकत लेखक सांगतो, नाही असे नाही. परंतु त्याची दृष्टी झाडांवर रमते आणि वाचकही निर्वासितांना विसरतो. २०२० मध्ये त्या नगराचा काही भाग लोकांना खुला करण्यात आला. घरे कोणाची हा तंटा मात्र झाडांनी मिटविलेला नाही.

जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या चर्चचा भग्न मनोरा पाहून ‘निसर्गाने आपले परत घेतले’ असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः १८३५ मध्ये सरकारने धर्मसंघ बंद केले, मठवासी गेले आणि १८४२ मध्ये कमानदार छत कोसळले. अवघी सात वर्षे! पाऊस पूर्वीही पडतच होता. गळती बुजविणारे हात तेवढे उरले नव्हते. वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या भिंतींत तर वड-पिंपळाची मुळे अशी गुंतली आहेत की, ती उपटावीत तर दगडही सुटावेत. तेथे पाडणारा कोण आणि धरून ठेवणारा कोण?

अखेरीस वाइझमन प्रत्येक स्त्रीला एकच मूल असावे असे सुचवितो. पुस्तकभर माणसाला वजा केल्यावर हा उपाय ओघानेच येतो. मला तो मान्य नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात बाग माणसाच्या हाती दिली जाते ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी. या राखणदाराला वाइझमनच्या कल्पनेत जागाच नाही. तरीही घर मोडण्याचे ते प्रकरण आपल्या तरुण मुलांनी अवश्य वाचावे, आणि शक्य तर वसईच्या किल्ल्यात बसून.