महाडचें एक पत्र व मुरळ्यांचीं प्रकरणें : वृत्तपत्रीय साधनांची चिकित्सा

चवदार तळ्याविषयीं आजवर जें लेखन झालें आहे त्याचा आरंभ बहुधा २० मार्च १९२७ या दिवसापासून होतो, व तें स्वाभाविकहि आहे. परंतु त्या दिवसाची खटपट ज्या मंडळींनीं केली त्यांतील एकाची आणि वृत्तपत्राची गांठ त्यापूर्वीं सुमारें तेरा वर्षें महाड येथेंच पडली होती. त्या वेळीं त्याचें वय अकराच्या आसपास होतें. हे गृहस्थ म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–१९७२). शिष्यवृत्तीची परीक्षा उतरलेला दासगांवच्या बाजूचा हा मुलगा महाडच्या इंग्रजी शाळेंत नांव घालण्यास गेला असतां अस्पृश्य म्हणून त्यास नकार मिळाला. त्यानें तक्रारीचें पत्र वृत्तपत्राकडे धाडलें. तें छापून आलें, सरकारी ग्रँट बंद होईल अशी धास्ती उत्पन्न झाली, आणि शाळेनें त्यास दाखल करून घेतलें. मात्र बसावयास जागा दिली ती इतर मुलांपासून निराळी.

अज्ञान मुलांवरील जुलूम उघडकीस आणणारें असलें वृत्तपत्रीय लेखन इतिहासाचें साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कागद जमविणाऱ्या आमच्या मंडळींत वृत्तपत्राकडे पाहण्याची जी दृष्टि रूढ आहे ती आम्हांस योग्य वाटत नाहीं. तीनशें वर्षांची सनद रेशमी रुमालांत राहते, आणि शंभर वर्षांचा मासिक अंक रद्दीच्या वजनानें जातो.

प्रथम महाडच्या पत्राविषयीं. ही हकीकत आपणांस मोरे यांच्या आत्मकथनावरून कळते. तें त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनीं लिहिलेल्या चरित्रासह २०१९ सालीं इंग्रजींतहि प्रसिद्ध झालें आहे. आत्मकथन हें उत्तरकालीन साधन. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, तीच झडती या साधनासहि चुकत नाहीं. मग आम्ही तें विश्वसनीय कां मानतों? कारण असें कीं, या हकीकतींत जय अर्धाच आहे. पुढें मोठ्या चळवळींत वावरलेला मनुष्य बालपणाची कथा रचूं लागला असता तर शाळा सपशेल शरण आली असें त्यानें लिहिलें असतें. निराळ्या बैठकीचा तपशील कथेची शोभा घालवितो, म्हणूनच तो खरा वाटतो. शिवाय शाळेस नमविणारी गोष्ट दया नसून ग्रँट होती, ही गोष्ट त्या काळच्या कारभाराशीं तंतोतंत जुळते. पत्राचा मजकूर मुलाचा स्वतःचा कीं कोणा वडील माणसाचा हात त्यास लागला, हा प्रश्न कोणी काढील. आमच्या मतें तो गौण आहे. महजरावर निशाणी करणारा मनुष्य महजर स्वतः लिहीत नसे, एवढ्यावरून त्याची साक्ष कोणी फेटाळली नाहीं.

येथें दप्तरांतील कागदांशीं तुलना करणें अवश्य आहे. पेशवाईंत कुणबिणींची खरेदी, देणगी व सुटका यांचे उल्लेख विपुल सांपडतात. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या रोजनिशींच्या उताऱ्यांतहि ते आले आहेत. त्यांत पोरी असत, दुष्काळांत विकलीं गेलेलीं लेंकरें असत. कागदांत किंमत असते, कधीं वयहि असतें. आमच्या संशोधकांनीं त्यांवरून भाव काढले, जकातीचे आंकडे काढले, आणि तें काम चांगलें झालें आहे. पण त्या कागदांस तें मूल दिसतें तें जिन्नस म्हणून. लिहिणाऱ्या कारकुनास त्यांत नोंदण्यासारखा अन्याय कांहींच घडलेला नसतो. वृत्तपत्राचा कागद येथें जातीनेंच निराळा पडतो. तो फिर्यादीचा कागद आहे. फिर्यादीचा म्हणून तो एकतर्फी असणार हें खरें. परंतु कारकुनाचा कागदहि एकतर्फीच होता, फक्त त्याची तर्फ आपणांस सवयीनें दिसेनाशी झाली आहे.

या जातीच्या कागदांत आम्ही सर्वांत मोलाचा मानतों तो शिवराम जानबा कांबळे यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ मासिकाचा संच. जुलै १९०८ मध्यें पुण्यास निघालेलें हें पत्र फार वर्षें चाललें नाहीं. त्यानें जे विषय हातीं घेतले त्यांत मुरळ्यांचा विषय प्रमुख होता. नवसापोटीं लहान मुलीचें खंडोबाशीं लग्न लावावयाचें, आणि ती वयांत आली म्हणजे लोकांनीं तिला आपली मिळकत समजावयाचें, असा तो प्रकार. १८६० च्या दंडसंहितेंत कलमें ३७२ व ३७३ घातलेलीं होतीं; सोळा वर्षांखालील अज्ञान व्यक्तीस वेश्याव्यवसायाकरितां विकणें वा विकत घेणें हा त्यांअन्वयें गुन्हा होता. तथापि कायद्याचा हात येथें लुळा पडे, आणि तो कां पडे हें ध्यानीं घेतल्यावांचून या मासिकाची योग्यता कळावयाची नाहीं. देवळांत जें घडतें तें लग्न असतें. त्या दिवशीं विक्री कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. धंदा सुरू होतो तो कित्येक वर्षांनीं, निराळ्या गांवीं, आणि तोंपर्यंत मुलगी अज्ञान राहिलेली नसते. या दोन टोंकांमधला दुवा पोलिसांच्या दप्तरांत मिळत नाहीं. त्या वाटेनें जी स्वतः गेली तिच्या तोंडींच तो मिळावयाचा.

१९०९ सालीं शिवूबाई या मुरळीचें पत्र ‘सोमवंशीय मित्रां’त प्रसिद्ध झालें, तें या दृष्टीनें अमोल आहे. तिनें तें स्वतःच्या नांवानें दिलें. पुढें कांबळे यांच्याच मंडळींतील एका कार्यकर्त्यानें तिच्याशीं विवाह केला, म्हणजे पत्राचा परिणामहि आपणांस तपासतां येतो. हें पत्र आधुनिक वाचकांपुढें आणण्याचें श्रेय ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाकडे जातें. इतिहासमंडळांनीं जें काम ऐंशीं वर्षें केलें नाहीं तें दोघी लेखिकांनीं गांवोगांव फिरून केलें, हें नमूद करतांना आम्हांस संकोच वाटतो, पण नमूद केलें पाहिजे.

सुधारकी पत्रांचा एक सर्वसाधारण दोष मात्र या साधनांचा उपयोग करतांना विसरतां कामा नये. जातीच्या अब्रूची काळजी तेथें पुष्कळदां मुलीच्या काळजीच्या पुढें धांवते. जिला वाहिलें तिला उपदेश. ज्यांनीं वाहिलें त्यांस विनंति. आणि ज्यांनीं तिचा उपभोग घेतला ते बहुधा लेखांत येतच नाहींत. संशोधकानें अशा लेखांतून साक्ष वेगळी आणि व्याख्यान वेगळें काढून घ्यावें.

मुरळी सोडण्याच्या समर्थनार्थ नेहमीं पुढें येणारा आधार म्हणजे पुरातन चाल. येथें पुनः महाडकडे वळणें प्राप्त आहे. ऑगस्ट १९२३ मध्यें मुंबई कायदे-कौन्सिलांत सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, पुढें महाड म्युनिसिपालिटीनेंहि तळें खुलें केल्याचा ठराव केला, आणि तरीहि पाणी बंदच राहिलें. १९२७ नंतर जो दावा चालला त्यांत वादींचा सर्व भर चालीवरच होता. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें तो फेटाळला. चाल अनादि आहे हें सिद्ध करण्याचा भार चाल सांगणाऱ्यावर आहे, व तो त्यांनीं उचललेला नाहीं, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें. कागदपत्रांच्या चिकित्सेचा हा धडा जुन्या वस्तूंचा आदर करणाऱ्या आम्हां लोकांस विशेष उपयोगी आहे.

वृत्तपत्री शोधाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे, आणि तिच्यासाठीं विलायतेंतील एक प्रकरण पुरेसें आहे. लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’चे संपादक विल्यम स्टेड यांनीं जुलै १८८५ मध्यें मुलींच्या विक्रीवर लेखमाला लिहिली. तिच्यामुळें त्याच सालीं पार्लमेंटानें संमतिवय तेरावरून सोळावर नेलें. लेखमालेंत पांच पौंडांस विकल्या गेलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत ‘लिली’ या कल्पित नांवानें दिली होती. पण घेणारे खुद्द स्टेडच होते, हें त्यांनीं वाचकांस सांगितलें नव्हतें. मुलीच्या बापाची संमति घेतलेली नव्हती असें कोर्टांत निघालें, आणि संपादकास तीन महिने कैद झाली. कायदा झाला तो चांगलाच झाला. तथापि साधन म्हणून ती हकीकत सदोषच राहते, कारण साक्षीदारानेंच घटना घडवून आणली होती. मुलीचें खरें नांव सर्व वृत्तपत्रांत झळकलें, आणि ज्या पोरीच्या रक्षणार्थ हें सारें आरंभलें तिची ओळख जन्मभरासाठीं सार्वजनिक झाली.

म्हणून नांवांसंबंधीं आम्ही आमचें मत स्पष्ट मांडतों. अस्सलाबरहुकूम, काना-मात्रेचा फरक न करतां छापावें, हा मंडळांचा शिरस्ता आम्हांस मान्य आहे. शिवूबाईनें स्वतः नांव दिलें, मोऱ्यांनीं स्वतः हकीकत सांगितली. तीं नांवें छापलींच पाहिजेत, झांकलीं तर तोच अपमान होईल. परंतु ज्या मुलास कोणीं विचारलें नाहीं त्याचें नांव, गांव व घराणें अलीकडच्या काळच्या कागदावरून छापण्याचा अधिकार संपादकास नाहीं. २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्यानें पीडित बालकाची ओळख छापण्यास वृत्तपत्रांस मनाई केली आहे. संशोधकानें आपली मर्यादा त्याहून सैल ठेवूं नये. नांवाच्या जागीं चौकट घालावी, गाळल्याची टीप द्यावी, अस्सल संग्रहांत ठेवावें.

‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे अंक महाराष्ट्र शासनानें १९९० सालीं एकत्र छापले. त्यामुळें महाडच्या प्रसंगाचीं समकालीन पानें आतां घरबसल्या वाचतां येतात. ज्या लहान मासिकांस तें भाग्य लाभलें नाहीं त्यांचे सुटे अंक ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते बांधण्यापूर्वीं वेष्टण, वर्गणीची यादी व जाहिरातींचीं पानें फाडून टाकूं नयेत. पत्र कोणत्या गांवीं पोंचत होतें, हें त्यांवरूनच ठरवितां येतें.