धूसर पार्श्वभूमी, पुसलेले गाव

तंजावरला जाऊन आलेल्या मराठी माणसाचा व्हिडिओ आता न बघताही सांगता येतो. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा भोसल्यांचा मराठी शिलालेख, राजवाडा, सरस्वती महाल, आणि शहराबाहेर पडल्यावर हिरव्या भातातून संथ गतीत चालणारी एक बाई. बाईचा चेहरा लख्ख, तिच्यामागचे सारे जग लोण्यासारखे वितळलेले. दृश्य देखणे आहे आणि लोकांना आवडते. त्याच्याविरुद्ध बोलायला हवे ते त्यासाठीच.

२००८ साली निकॉनचा डी९० आणि पाठोपाठ कॅननचा ५डी मार्क टू आला, तेव्हा डीएसएलआर या स्टिल कॅमेऱ्याने चलच्चित्राचे दार उघडले. ५डीचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर आणि ५० मिलिमीटरची साधी एफ/१.८ लेन्स एवढ्या सामग्रीवर घरातल्या दिव्याच्या उजेडातही चित्रण होऊ लागले. राम गोपाल वर्मांनी २०११ मध्ये ‘दोंगला मुठा’ ५डीवर पाच दिवसांत उरकला. ही मोकळीक खरोखर मोठी होती. पुढे कॅमेऱ्यांतला आरसा गेला, मिररलेस आले, पण एफ/१.८ ची, म्हणजे लेन्स सताड उघडी ठेवून पार्श्वभूमी धूसर करण्याची सवय तशीच राहिली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ती सर्वांत जास्त नुकसान करते.

या प्रदेशात पार्श्वभूमी हाच विषय आहे. जमीन सपाट, नजर अडवायला टेकडी नाही. पाट कुठून फुटतो, पाणी आधी कुणाच्या शेतात शिरते, देवळालगतचे अग्रहारम, म्हणजे ब्राह्मणवस्ती कुठे आणि चेरी, म्हणजे शेतमजुरांची वस्ती तिथून किती दूर, हे सगळे चित्राच्या खोलीतच वाचता येते. २५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीच्या लढ्यातून, ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. भारती कृष्णकुमार यांच्या ‘रामय्याविन कुडिसै’ने २००५ मध्ये, डीएसएलआरवर चलच्चित्रण सुरू होण्यापूर्वीच, त्या घटनेची माणसे आणि जागा पडद्यावर आणली. तो माहितीपट पाहिलेल्या माणसाला इथला बांध, वाट आणि वस्ती ही केवळ नेपथ्य वाटू शकत नाही.

आशा वाटते ती याच प्रदेशातल्या स्वामीमलैच्या मूर्तिकारांकडे धीराने पाहणाऱ्या मोजक्या चित्रणांमुळे. तिथले स्थपती मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचे थर चढवतात, थर वाळू देतात, तापवून मेण काढतात आणि पोकळीत वितळलेला धातू ओततात. ओतायला फार वेळ लागत नाही. वाळायला दिवस लागतात. बहुतेक संकलक तो लालभडक ओघ संथ करून लांबवतात आणि वाळणे एका कटमध्ये संपवतात. ही चांगली चित्रणे याच्या उलट वागतात. कॅमेरा तिपाईवर, लेन्सचे तोंड एफ/८ पर्यंत बंद, चौकटीत हात, ओली माती आणि मागचे अंगणही स्पष्ट. मूर्ती साच्यातून निघाल्यावरची छिन्नी आणि कानस तुटक न होता ऐकू येते. काम हे वेळेचेही बनलेले असते, हे त्यातून उमगते.

या रीतीला आपल्याकडे पूर्वज आहेत. सत्यजित राय यांनी ‘बाला’मध्ये (१९७६) तंजावर दरबाराशी नाते असलेल्या घराण्यातल्या बालासरस्वतींना नाचताना दाखवले, तेव्हा किनाऱ्यावरचा वारा त्यांच्या वस्त्राशी झोंबत होता आणि राय यांनी तो वारा चित्रात राहू दिला. मणी कौल यांच्या ‘ध्रुपद’मध्ये (१९८२) आलाप आणि वास्तू एकमेकांना वेळ देतात. हा धीर ज्याच्या अंगी नाही, त्याच्या हातातल्या महागड्या लेन्सचा उपयोग नाही.



आवाजाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. नादस्वरम आणि तविल ही उघड्यावर वाजणारी वाद्ये. कॅमेऱ्यातले स्वयंचलित ध्वनिनियंत्रण तविलची थाप पडताच पातळी खाली दाबते आणि थाप संपताच गोंगाट वर खेचते. त्यात नादस्वरमचा सूर गुदमरतो. उपाय साधा आहे: वेगळा रेकॉर्डर. त्याऐवजी संकलनात तयार बासरी चिकटवली जाते. मेलट्टूरला नरसिंह जयंतीच्या सुमारास रात्र रात्र चालणाऱ्या भागवत मेळा या नृत्यनाट्याचेही असेच हाल होतात. ५डी मार्क टूची एक फाइल ४ जीबीला, म्हणजे सुमारे १२ मिनिटांत थांबत असे. तेव्हा तुकडे पडणे समजण्यासारखे होते. पुढच्या कॅमेऱ्यांत ती अडचण उरली नाही. आता मेळ्यातल्या ‘प्रह्लाद चरित्रम्’चे तुकडे होतात ते आपल्या मर्जीने.

मर्जीचा मुद्दा इथेच येतो. धूसरपणा ही शैली आहे, शैलीवर वाद घालू नये, असे मला सांगितले जाते. मला ते मान्य नाही. भर उन्हात, आयएसओ १०० आणि शटर १/५० असताना, योग्य उजेडासाठी लेन्सचे तोंड एफ/१६ च्याही पुढे बंद करावे लागते. तंजावरचे ऊन स्वतःहून सारे गाव स्पष्ट दाखवायला तयार असते. एफ/१.८ राखण्यासाठी लेन्सपुढे उजेड कमी करणारा गडद एनडी फिल्टर लावावा लागतो. म्हणजे गाव पुसायला पैसे आणि कष्ट खर्च करावे लागतात. एवढे करून मिळवलेल्या पुसटपणाला अपघात किंवा निरागस आवड म्हणता येणार नाही. ती निवड आहे, आणि निवडीचा जाब विचारता येतो.

लावणी करणारी बाई एकटी नसते. तिच्या शेजारी बायकांची रांग असते, बांधावर मजुरी देणारा असतो, त्यामागे मेट्टूर धरणातून आलेले पाणी असते. १२ जून या ठरल्या तारखेला ते सुटले की नाही यावर भाताचा कुरुवै हंगाम अवलंबून असतो. एकटीचा चेहरा उजळून बाकीचे वितळवणारा चित्रणकार तिच्या श्रमाचा मालक, सोबती आणि पाणी तिन्ही कापून टाकतो. उरते ते फक्त सौंदर्य, आणि त्यावर आपण ‘आपले तंजावर’ असे लिहितो. भोसल्यांच्या नावाने तंजावरवर हक्क सांगणाऱ्या मराठी चित्रणकाराने आधी फिल्टर काढावा, लेन्स बंद करावी आणि देवळापासून चेरीपर्यंतचे अंतर एका अखंड शॉटमध्ये दाखवावे. ते करत नाही तोवर त्याच्या फितीला तंजावरचे चित्रण म्हणायला मी तयार नाही.