मनोविकृतीची प्रथमावस्था, उपचार आणि हिंसा

उपचाराने मनोविकृत रुग्णाची आक्रमकता कमी होते काय, या प्रश्नावर नील्सन व लार्ज या ऑस्ट्रेलियन संशोधकांचा २०१० सालचा निबंध वारंवार पुढे केला जातो. पहिल्या झटक्यात, उपचारापूर्वी, ६२९ रुग्णांमागे एकाच्या हातून मनुष्यवध घडतो. उपचारानंतर हे प्रमाण वर्षाला ९,०९० रुग्णांमागे एक इतके उतरते, असा त्यांचा हिशेब आहे. यावरून उपचार धोका पंधरापट घटवितो, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पहिला आकडा एका संपूर्ण झटक्याचा आहे, दुसरा एका वर्षाचा. आणि उपचाराविना गेलेला काळ कोणाचा काही आठवड्यांचा, तर कोणाचा कित्येक वर्षांचा असतो. शिवाय पुष्कळदा हिंसा घडली म्हणूनच रुग्ण वैद्यापुढे येतो. ऐन भरात मोजलेला क्षोभ पुढे काहीसा ओसरणारच; त्याचे सारे श्रेय औषधाला कसे द्यावे?

फझेल व सहकाऱ्यांची स्वीडनमधील पाहणी (२०१४) मला अधिक भरवशाची वाटते. तीत एकाच व्यक्तीचा औषध चालू असतानाचा व नसतानाचा काळ ताडून पाहिला आहे. मनोविकृतिरोधक औषधांच्या काळात हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु ते रुग्ण केवळ प्रथमावस्थेतील नव्हते. आणि मोजले गेले ते न्यायालयात शाबीत झालेले गुन्हे. घरात आईवर उगारलेला हात त्या मोजणीत क्वचितच येतो.