तुकडा कुणाचा? साकुगाच्या संग्रहाविषयी

‘साकुगा’ या जपानी शब्दाचा साधा अर्थ चित्रं काढणं. ॲनिमेच्या चाहत्यांच्या तोंडी मात्र तो अशा काही सेकंदांसाठी येतो, जिथे हालचाल एकदम अंगावर येते. असे सेकंद कापून, त्यावर ॲनिमेटरचं नाव लावून ठेवणारा ऑनलाइन संग्रह म्हणजे साकुगाबूरू. आज त्याच्याबद्दल आमची थोडी तक्रार आहे. पण मंडळी, आधी ऋण मान्य करायला हवं.

‘नारुतो शिप्पूडेन’चा १६७ वा भाग आठवा. त्यातल्या मारामारीची एकेक चौकट थांबवून लोकांनी किती टर उडवली! चेहरा रबरासारखा ताणलेला, हात वाकडे. तोच तुकडा चालता बघितला की कळतं, ती चौकट थांबवून बघण्यासाठी काढलेलीच नव्हती. एवढं दाखवायला दहा सेकंदांचा तुकडाच लागतो. तिथे लेख कमी पडतो.

आता नावाचं बघू. श्रेयनामावलीत मुख्य चित्रं काढणाऱ्यांची, म्हणजे ‘गेंगा’वाल्यांची यादी असते. कुठला शॉट कुणाचा, हे सहसा लिहिलेलं नसतं. मग चाहते हस्ताक्षर ओळखल्यासारखं ओळखतात: दगडांचे चौकोनी ठोकळे उडाले की युताका नाकामुरा, आगीचा ड्रॅगन नागमोडी वळला की योशिनोरी कानादा. पण कानादांचा ड्रॅगन १९८३च्या ‘हार्मागेडॉन’मध्ये आला आणि पुढे कितीतरी जणांनी तो गिरवला. शिवाय ॲनिमेशन दिग्दर्शक वरून दुरुस्त्या करतो, ते वेगळंच. संग्रहात ‘अंदाजे’ अशी खूण लावायची सोय आहे, आणि ती प्रामाणिक आहे. घोळ होतो तो तुकडा तिथून बाहेर पडल्यावर. खूण गळते, नाव तेवढं चिकटून राहतं. ज्यानं खरंच रात्र जागून ते काढलं त्याचं काय? या धंद्यात अनेकांना चित्रामागे पैसे मिळतात. पुढचं काम मिळवायला नाव हेच त्यांचं भांडवल. ते दुसऱ्याच्या खात्यावर गेलं, तर आमच्या कौतुकाचा त्यांना उपयोग काय?

दुसरी गोष्ट निवडीची. स्फोट, धूर, तलवारी यांचा तुकडा छान कापला जातो. मैफलीतली तान वेगळी काढून ऐकवता येते, तसंच हे. पण इसाओ ताकाहाता यांच्या ‘ओन्ली यस्टरडे’मध्ये (१९९१) एक कुटुंब अननस खातं. मोठ्या अपूर्वाईनं आणलेला, कापायचा कसा हेही ठाऊक नाही. सगळे गोल बसतात, घास घेतात, आणि तो कडक निघतो, गोडही नाही. एकेक जण बाजूला सारतो. धाकटी ताएको मात्र चावत राहते. हे चावणं काढायला केवढी नजर लागते! आणि यातले दहा सेकंद कापले, तर दिसते फक्त अननस खाणारी एक मुलगी. आधीची अपूर्वाई बाहेरच राहते. असे तुकडे कुणी टाकलेच, तर त्यांच्याआधीचं एखादं मिनिट तरी सोबत ठेवावं, असं आम्हाला वाटतं.