खिडकीतून दिसलेला मुलूख

प्रवासवर्णनाचे ग्रंथ लिहिणारे मराठीत नेहमीच थोडे होते. प्रवासी टिपणे लिहिणारे मात्र आता घरोघरी झाले आहेत. आगगाडीच्या डब्यात, विमानाच्या खिडकीशी किंवा बोटीच्या कठड्याला टेकून जे सहज दृष्टीस पडले ते चार परिच्छेदांत मांडावे आणि एखाद्या नियतकालिकाकडे धाडून द्यावे, असा परिपाठच पडला आहे. समीक्षकांनी या लेखनाकडे आजवर नाक मुरडूनच पाहिले. आम्हांस ते रास्त वाटत नाही. एके ठिकाणी मुक्काम करून राहिलेल्याला सवयीमुळे जे दिसेनासे होते, ते वाटेने जाणाऱ्याला पुष्कळदा दिसते, आणि म्हणून सहज पाहिलेल्या गोष्टीलाही मोल असते. आमचा आक्षेप निराळा आहे. टिपणकार काय पाहिले ते सांगतो. कोठे बसून, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी पाहिले ते सांगत नाही. इतकेच नव्हे, तर त्या जागेवरून जे दिसणे शक्यच नव्हते त्याविषयीही तो निकाल देऊन मोकळा होतो.

गोव्यासंबंधीच्या टिपणांत 'सुशेगाद' हा शब्द हमखास भेटतो. पोर्तुगीज भाषेतून कोकणीत आलेला हा शब्द मुळात निवांतपणाचा आणि चित्ताच्या स्वास्थ्याचा वाचक आहे. आमचा टिपणकार भर दुपारी मडगावच्या स्थानकावर उतरतो, गावात येतो, आणि पाहतो तो दुकाने बंद! एकच्या सुमारास मिटलेली ही दुकाने साडेतीन-चारला पुन्हा उघडतात, हे पाहावयास त्याला सवड नसते. त्याला समुद्रकिनारा गाठायचा असतो. मग टिपणात वाक्य उतरते की, येथील लोक सुशेगाद, म्हणजे आळशी. हाच गृहस्थ पहाटेच्या गाडीने आला असता, तर पावाची टोपली सायकलीला बांधून भोंगा वाजवीत दारोदार हिंडणारा पोदेर त्याला भेटला असता. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांची रांग दिसली असती. उजाडण्यापूर्वीच भरलेल्या मासळीबाजारात त्याला पाऊल ठेवण्यास जागा मिळाली नसती. येथे निष्कर्ष आगगाडीच्या वेळापत्रकाने काढला आहे, लेखकाने त्याखाली फक्त सही केली आहे. ही थट्टेवारी न्यावयाची गोष्ट नाही. गोव्याचा तरुण नोकरीसाठी परमुलखात गेला की त्याच्या कामाआधी हा शब्द तेथे पोचलेला असतो, आणि तो खोटा पाडण्याचे ओझे त्याच्या माथी येते.

हाच प्रकार महाराष्ट्राबाहेरील इतर मराठी वस्त्यांचा. इंदूरच्या फलाटावर पोहे खाताना शेजारी कोणी मराठीत बोलले की टिपणकाराला अचंबा वाटतो, आणि तो अचंबा इंदूरचे वैशिष्ट्य म्हणून छापला जातो. होळकरांच्या काळापासून तेथे नांदणाऱ्या माणसांनी या अचंब्याचे काय करावे?

लोंढ्याहून गोव्यात उतरणाऱ्या लोहमार्गाचे उदाहरण घेऊ, कारण या एका वाटेवर जितकी टिपणे झाली तितकी दुसऱ्या क्वचितच एखाद्या वाटेवर झाली असतील. कॅसलरॉक ते कुळे हा घाट सदतीसास एक अशा तीव्र चढाचा आहे. मध्ये ३१० मीटर उंचीचा दूधसागर धबधबा लागतो आणि त्याच्या अंगावरूनच पूल जातो. गाडी तेथे आली की डबा एका बाजूला लोटतो आणि दुधाची उपमा सुचते. ती सुचणे स्वाभाविक आहे. धबधब्याचे नावच ती सुचवते. परंतु नावात आयतीच असलेली उपमा पुन्हा मांडण्यासाठी कोणी प्रवास कशाला करावा? त्याच खिडकीतून आणखी पुष्कळ दिसते. कुळ्याहून वर चढणाऱ्या गाडीला मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने जोडतात. त्यांसाठी गाडी थांबते, आणि तेवढ्या वेळात फलाटावर एक लहानसा संसार उभा राहतो. पावसाळ्यात रुळांवर दरड आली आहे काय हे पाहत भिजत चालणारा गँगमन बोगद्याच्या तोंडाशी अंग चोरून उभा असतो. तो गाडीकडे पाहतो. गाडीतील सर्वजण धबधब्याकडे पाहत असतात. शिवाय १९६१ पूर्वी कॅसलरॉक हे भारताच्या बाजूचे व कुळे हे पोर्तुगीज अमलातील स्थानक होते, आणि हा घाट म्हणजे दोन राज्यांमधील सरहद्द होती. ज्या घराण्यांत बेळगावच्या मुली गोव्यात व गोव्याच्या बेळगावात दिल्या, त्यांना या घाटाचा अर्थ निराळा लागतो. समोरच्या बाकावरील म्हाताऱ्या सहप्रवाशाला एक प्रश्न विचारला, तर तो अर्थ टिपणकारालाही कळेल. पण खिडकीची जागा मिळाल्यावर डब्याकडे पाठ करून बसण्याची रीत आहे.

जुन्या मंडळींचे यात काय चाले ते पाहण्यासारखे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणेच्या आशेने आणि घरचे कर्ज फेडावे म्हणून. हेतू इतका व्यावहारिक आणि तो त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितला आहे, की पुढच्या प्रत्येक निरीक्षणाला त्यामुळे एक ठिकाण मिळते. हा माणूस कोण, कोठे उभा आहे, कशाच्या शोधात आहे, हे आपण क्षणभरही विसरत नाही. झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. लढाईचा नकाशा ते काढीत नाहीत. लपलेल्या माणसाला जेवढे दिसते, जेवढे ऐकू येते, तेवढे सांगतात. ऐकीव गोष्टीही त्यांनी पुष्कळ मिसळल्या आहेत आणि इतिहासकारांनी त्या पारखून घ्याव्यात हे खरेच. पण पुष्कळ ठिकाणी डोळ्यांनी पाहिलेले कोणते व कानांवर आलेले कोणते हे वाचकाला ओळखता येते. 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. पायी चालणाऱ्याला हे साधले ते केवळ संथ गतीमुळे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही.

कारण महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या आगगाडीविषयी जे लिहिले ते तर धावत्या डब्यातलेच अवलोकन आहे. मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या मेलगाडीचे भाडे तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर बावीस उतारूंची पाटी. आत वाटेत बराच काळ पस्तीस माणसे. निजण्यास जागा नाही. चहा म्हणून मिळालेले पाणी कसे होते, दूध म्हणून मिळालेला पदार्थ कसा होता. सगळे जागच्या जागी. खिडकीबाहेरच्या देखाव्याला त्यात फारसा वाव नाही. त्यांनी डब्याकडे तोंड केले आणि आपण स्वतः त्या पस्तीसांपैकीच एक आहोत हे विसरले नाहीत. मजकूर थोडा, भाषा कोरडी, आणि तरी शंभरांहून अधिक वर्षांनी तो डबा आपल्याला जसाच्या तसा दिसतो. त्या सुमारास त्याच मार्गावरील रम्य पहाटांवर ज्यांनी लेखणी झिजवली असेल, त्यांच्या पहाटा कोठे गेल्या कोण जाणे.

पंडिता रमाबाईंच्या १८८९ सालच्या ग्रंथाचे नावच बोलके आहे. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति' हे शब्द आधी येतात, 'प्रवासवृत्त' मागून. १८८६ मध्ये त्या समुद्रमार्गे अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहून, हिंडून, माहिती गोळा करून मग लिहावयास बसल्या. इतका अवधी प्रत्येकाला कोठून मिळणार? मिळत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्याला दोनच दिवस मिळाले त्याने दोन दिवसांइतकेच बोलावे, एवढी मर्यादा त्यातून निघते. 'अपूर्वाई' १९६० साली आली तेव्हापासून पु. ल. देशपांड्यांच्या अनुकरणाची जी लाट उसळली, तिच्यात नेमकी हीच मर्यादा हरवली. त्यांच्या विनोदाचे पहिले लक्ष्य प्रवासाला निघालेला माणूस, म्हणजे ते स्वतः, हे होते. अनुकरण करणाऱ्यांनी विनोद उचलला आणि लक्ष्य बदलले. कोकणीत, उलट, प्रवासवर्णनाला आरंभीच मोठा मान मिळाला. साहित्य अकादमीचा कोकणीसाठीचा पहिला पुरस्कार १९७७ साली रवींद्र केळेकरांच्या 'हिमालयांत' या पुस्तकाला लाभला. त्या मानाची जबाबदारी आजच्या कोकणी टिपणकारांवरही आहे.

विमानाचा प्रवासी तर काहीच पाहू शकत नाही, असे सरसकट म्हणण्याची चाल आहे. ती आम्हांस पटत नाही. दाबोळीला किंवा २०२३ पासून वाहता झालेल्या मोपाच्या विमानतळावर उतरताना गोव्याचे जे रूप दिसते, ते जमिनीवरून जन्मभर दिसणार नाही. खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली खाजणांची शेते व त्यांतून फिरणारे पाण्याचे फाटे वरून एखाद्या कोष्टकासारखे स्पष्ट दिसतात. कोणत्या पिढ्यांनी केवढे श्रम केले हे त्या एका दृष्टिक्षेपात उमगते. डिचोली, सांगे या बाजूंना लोहखनिजाच्या खाणींनी उघडे पाडलेले तांबडे डोंगर दिसतात. हमरस्त्याने जाणाऱ्याला झाडांच्या आडोशामुळे या खड्ड्यांचा विस्तार कळत नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, कित्येकांचे संसार त्यापायी विस्कटले, आणि त्या चालू असताना कित्येकांची शेते गाळाने भरली. या सगळ्या वादाचा नकाशा विमानाच्या खिडकीत चार-पाच मिनिटे उलगडलेला असतो. टिपणांत मात्र माडांची हिरवी झालर आणि फेसाची पांढरी किनार, एवढेच छापून येते. साधन उत्तम, दृष्टी आयती.

चोडणच्या फेरीबोटीची गोष्ट याच्या उलट आहे. रायबंदरहून पलीकडे जाण्यास काही मिनिटे पुरतात, नदीचे दृश्य एका नजरेत संपते, आणि उरतो तो माणसांचा आवाज. येथे डोळ्यांपेक्षा कानांचे काम अधिक. कोकणी न कळणारा लेखक 'गलबला' असा शब्द लिहून पुढे जातो. त्याच गलबल्यात त्या दिवशीचा बांगड्याचा भाव, कोणाच्या तरी जमिनीचा दावा आणि इस्पितळात असलेल्या नातेवाइकाची विचारपूस असते. ते कळले नाही, तर न कळल्याची नोंद करावी. 'गलबला' हा शब्द ती नोंद नव्हे.

आणि कोकण किनाऱ्याच्या आगबोटी तर आता राहिल्याच नाहीत. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून बंदरे घेत घेत पणजीला येणाऱ्या त्या बोटींनी कोकण-गोव्याच्या कित्येक पिढ्या गिरणीत, खानावळीत, शाळेत पोचवल्या. पुष्कळ बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. डेकवरच्या चांदण्याची वर्णने आमच्या मासिकांतून वाटेल तितकी सापडतात. कोणी तरी त्या काळाचा इतिहास लिहावयास बसला, तर ती त्याच्या कितपत उपयोगी पडतील याची आम्हांस शंका आहे. डेकवर पथारी पसरण्यासाठी जागा कशी धरीत, वळकटीला दोरी कशी बांधीत, बोट लागल्यावर काय खाऊ घालीत, जयगडला लाटा उसळत असताना वरून खाली पडावात तान्हे मूल कोण कोणाच्या हाती देई आणि पडाववाला त्याचे किती घेई, यांतील काहीही त्या चांदण्यात दिसत नाही.