‘कोशिश’, ‘खामोशी’ आणि हातांची भाषा

कर्णबधिर माणसांच्या संसारावर हिंदीत जे थोडे चित्रपट निघाले, त्यांतील दोन आजही आवर्जून आठवले जातात. गुलजार यांचा ‘कोशिश’ (१९७२) आणि संजय लीला भन्साळी यांचा ‘खामोशी’ (१९९६). दोहोंतील अभिनयाचे पुष्कळ कौतुक झाले आणि ते रास्तच आहे. ‘कोशिश’मधील भूमिकेसाठी संजीवकुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘खामोशी’त नाना पाटेकर आणि सीमा विश्वास यांनी शब्दांवाचून जे उभे केले, ते विसरू म्हणता विसरता येत नाही. तरीही या दोन कलाकृतींना एक प्रश्न विचारायचा राहून गेला आहे, असे आम्हांस वाटते. या पात्रांच्या हातांत जे आहे, त्याला हे चित्रपट भाषा मानतात काय?

या प्रश्नाच्या उत्तरावर घरोघरच्या मुलांचे भवितव्य अवलंबून असते, म्हणून तो विचारणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘कोशिश’कडे वळू. हरिचरण आणि आरती, दोघांनाही ऐकू येत नाही. त्यांचे पहिले मूल दगावते. त्याचे रडणे आईबापांच्या कानी पडलेले नसते. दुसऱ्या बाळाला ऐकू येते की नाही, हे पाहण्यासाठी ते खुळखुळा हलवून पाहतात. बाळ वळून पाहत नाही आणि दोघांच्या पायाखालची जमीन सरकते. पुढे उलगडा होतो, तो असा की खुळखुळाच मुका होता. प्रेक्षक डोळे पुसत हसतो. पहिल्या मुलाचा मृत्यू ध्यानात घेता आईबापांची भीती समजण्यासारखी आहे. पण आपणही ज्या सहजतेने सुटकेचा निःश्वास टाकतो, त्यात एक गृहीत दडलेले असते. ज्यांनी हातांनी बोलून आपला संसार उभा केला, त्यांच्या घरीही बहिरे मूल जन्मणे ही आपत्तीच होय, हे ते गृहीत. गुलजार यांचा मोठेपणा असा की शेवटी ते स्वतःच या गृहीताला धक्का देतात. ऐकू येणारा मुलगा कर्णबधिर मुलीशी विवाह करण्यास नकार देतो, तेव्हा बापाचा संताप उसळतो. त्या संतापाचा अर्थ उघड आहे: तुला जी अपुरी वाटते, तशाच आईच्या कुशीत तू वाढलास.

‘कोशिश’मध्ये आणखी एक दुर्मीळ गोष्ट आहे. दोन कर्णबधिर माणसे मध्यस्थावाचून परस्परांशी बोलतात, थट्टा करतात, रुसतात. मात्र त्यांचे हावभाव असे बेतलेले आहेत की पुष्कळदा ऐकणाऱ्या प्रेक्षकाला दुभाष्याची गरज पडू नये. मूकाभिनय आणि भाषा यांतील सीमारेषा तेथे पुसली जाते. खरी भाषा परक्याला आपोआप कळत नसते. कळली असती तर ती शिकावी लागली नसती.

‘खामोशी’ घडतो गोव्यात, जोसेफ आणि फ्लेव्ही ब्रगांझा यांच्या घरी. त्यांची ऐकणारी मुलगी ॲनी लहानपणापासून आईवडिलांचा आवाज होते. एका लेकराच्या खांद्यावर दोन जगांचे ओझे पडले म्हणजे काय होते, हे भन्साळींनी जिवंतपणे दाखवले आहे. नानांच्या हातांत करुणेपेक्षा राग अधिक आहे, आणि तो राग पात्राला दयेच्या पलीकडे नेतो. परंतु चित्रपटाचे नावच पाहा. ज्या घरात दिवसभर हात बोलत असतात, त्या घराला ‘खामोशी’ कोणी म्हणावे? ऐकणाऱ्यानेच. मुलगी गाते, आईबापांना ते गाणे ऐकू येत नाही, हेच या कथेचे दुःख. तिने आईबापांच्या भाषेत काय काय ऐकले, किती गोष्टी, किती विनोद, याचा हिशेब कथा मांडत नाही. अशीच कथा सांगणाऱ्या ‘कोडा’ (२०२१) या अमेरिकन चित्रपटात कर्णबधिरांच्या भूमिका कर्णबधिर नटांनी केल्या, आणि त्या घरातले भांडण, चावटपणा, मीठमिरची सारे त्यांच्याच भाषेतून आले. तुलनेने आपली उणीव लख्ख दिसते.

ही उणीव केवळ आपल्या दिग्दर्शकांची म्हणता येणार नाही. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरशिक्षकांची परिषद भरली आणि तिने वाचापद्धतीच श्रेष्ठ असल्याचा ठराव केला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर अनेक देशांच्या वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. १९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी साधार दाखवून दिले की खुणांच्या भाषेलाही स्वतःची घडण आहे. हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांतून शब्द घडतात, जसे ध्वनींतून आपले. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले प्रथमच शाळेत मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना स्पॅनिश शिकवू पाहत होते. मुलांनी मैदानात आपसांत नवी भाषाच घडवली. अखेर २०१० साली व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या १३० वर्षांत ज्या पिढ्या वर्गात हात बांधून बसल्या, त्यांना तो खेद वाचण्यास मिळाला नाही.

आपल्याकडेही बहुतांश शाळांत वर्गात वाचा आणि वसतिगृहात खुणा, असा दुहेरी व्यवहार दीर्घकाळ चालला. अलीकडे वारे बदलले आहे. २०१५ मध्ये दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०२१) दहा हजार शब्द आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या भाषेच्या प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला.

वाचापद्धतीची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. आपले मूल आजीशी बोलावे, दुकानात अडू नये, ही आईबापांची इच्छा स्वार्थी म्हणता येत नाही. श्रवणयंत्रे सुधारली आहेत. लहान वयात झालेल्या कॉक्लिअर इम्प्लांटने अनेक मुले बोलू लागली आहेत. आमचा आक्षेप आहे तो ‘हे किंवा ते’ या आग्रहाला. यंत्र बसेपर्यंत, वाचा फुटेपर्यंत मूल थांबून राहते. त्याचे भाषा शिकण्याचे वय मात्र थांबत नाही. आरंभीची तीन-चार वर्षे कोणत्याच भाषेवाचून गेली तर पुढे त्यांची भरपाई फार कठीण होते. हात शिकल्याने जीभ आळसावते, हा समज अभ्यासाच्या कसोटीवर टिकलेला नाही.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखाबाहेर राहिलेल्या कुटुंबांना हे सांगावे लागू नये. इंदूरच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी. बडोद्यात गुजराती, बेळगावात कानडी. आपल्या मुलांनी दोन-तीन भाषा एकत्र पेलल्या आणि एकीने दुसरीचा गळा घोटला नाही. तरीही घरात कर्णबधिर मूल आले की आपण चटकन ‘एकच भाषा’ हा सल्ला मानतो. पुष्कळदा ती एकच भाषा शाळेची असते, म्हणून घरची मराठी सुटते. आणि खुणांची भाषा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून येऊ दिली जात नाही. मूल दोन्ही अंगांनी पोरके होते.

मातृभाषेचा आपला अभिमान येथे खऱ्या कसोटीला लागतो. दहातील नऊंहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. अशा मुलाला जी भाषा निर्वेध गवसू शकते, ती त्याच्या आईला येतच नसते. सर्वत्र आईने मूल आपल्या भाषेत आणायचे असते. येथे आईला मुलाच्या भाषेत जावे लागते. हे शिकणे चाळिशीत जड जाते, हे खरे. पण ज्यांच्या पूर्वजांनी परमुलखात जाऊन तेथली बोली आत्मसात केली, त्यांना ते अशक्य नसावे.

शेवटी शब्दांविषयी. ‘मूकबधिर’ हा शब्द अजून आपल्या तोंडी आहे. या मुलांचा कंठ बहुधा शाबूत असतो, आणि हातांना वाव मिळाला तर ती मुकीही नसतात. कृपा झाली म्हणजे मुका बोलू लागतो, अशी प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणत आलो. त्या मुक्याला आधीपासून काही म्हणायचे असेल, हे मनात आले नाही. ‘कोशिश’ने हे अर्धे ओळखले होते. उरलेले अर्धे ओळखणारी कलाकृती मराठीत यावी, आणि तिच्यातील हातांवर कर्णबधिरांचाच अधिकार असावा, अशी आमची अपेक्षा आहे. तोवर निदान आपल्या घरांत तरी त्या हातांना बोलू द्यावे.