वनातले पोर आणि त्याची वाणी

वनात वाढलेले मनुष्याचे पोर ही कल्पना आपणांस परकी नाही. शकुन्त पक्ष्यांनी सांभाळिली म्हणून ती शकुंतला. ऋष्यशृंग तर पित्यावाचून दुसरे मनुष्य न पाहताच वाढला. तेव्हा दूरदर्शनने १९९३ साली ‘जंगल बुक’ ही मालिका आरंभिली, त्या वेळी मोगली येथील घरांत आपलाच वाटला, यात नवल नव्हते. सिवनीचे अरण्य आमच्या बुऱ्हाणपुराहून दूर खरे, पण राज्य एक आणि सातपुडाही तोच. गंमत अशी की, हा आपला मोगली जपानहून आला होता! निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये काढलेल्या बावन्न भागांना हिंदी वाणी दिली गेली. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. शेरखानास नाना पाटेकरांचा आवाज लाभला, आणि आमच्या मते मालिकेतील खरा अभिनय तोच. त्या आवाजात धाकाबरोबर एक जळफळाटही आहे.

परंतु एका बाबतीत ही मालिका आम्हांस फसवी वाटते. लांडगा, अस्वल, वाघ आणि पोर सर्वच एक स्वच्छ हिंदी बोलतात. प्राणिकथेची ती रीत, हे मान्य. पंचतंत्रानेही तेच केले. पण मनुष्यांपासून तुटलेल्या पोराचा मूळ प्रश्नच वाणीचा असतो. ऋष्यशृंगास वेद शिकविणारा पिता होता, शकुंतलेस कण्व. किपलिंगला हा प्रश्न जाणवला होता; त्याचा मोगली गावात येतो तेव्हा मेसुआच्या तोंडचा एकेक शब्द उचलून झोपडीतल्या वस्तूंची नावे शिकतो. तेही फार सोपे करून सांगितले आहे. बुलंदशहराच्या रानात १८६७ च्या सुमारास सापडलेला आणि आग्र्याजवळील सिकंदऱ्याच्या अनाथालयात वाढलेला शनिचर मरेपर्यंत बोलू शकला नाही. किपलिंगचे पुस्तक १८९४ चे. शनिचर १८९५ साली वारला. म्हणजे मोगली छापून आला तेव्हा शनिचर जिवंत होता, आणि मुका होता.

लांडग्यांनीच त्याला पाळले, हे मात्र आम्ही सिद्ध मानीत नाही. ठगीचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८५२ साली अशा मुलांविषयी जो वृत्तांत छापला, त्यातला बराच भाग ऐकीव आहे. न्यायालयात तो टिकला नसता. मिदनापूरच्या अमला-कमलांची गोष्ट तर एका पाद्र्याच्या रोजनिशीवर उभी आहे, आणि तिच्यावर पुढे गंभीर आक्षेप आले. अशी कित्येक मुले बहिरी वा बुद्धीने अधू म्हणून कोणी रानात टाकलेली असावीत, हा तर्क आम्हांस अधिक पटतो. तसे असेल तर उलटतपासणी लांडग्याची नव्हे, त्यांना रानात सोडून परतणाऱ्या माणसांची घ्यावी लागेल. मोगलीच्या कथेत, पुस्तकात काय आणि पडद्यावर काय, तो साक्षीदार बोलाविलाच जात नाही.